कितपत लागू, कुठवर लागू

‘लिमिटेड रेलेव्हन्स’ हे दोन शब्द अहवालात, परीक्षणात, कार्यालयीन पत्रात इतके सरावाचे झाले आहेत की लिहिणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं, हे वाचणारा विचारत नाही. विचारायला मात्र हवं, कारण या एका जोडीत दोन वेगळे अर्थ राहतात. पहिला मात्रेचा: संबंध आहे, पण क्षीण आहे. दुसरा व्याप्तीचा: संबंध भक्कम आहे, पण ठरावीक जागेपुरता. प्रौढांवर झालेली औषधाची चाचणी लहान मुलांच्या उपचारात कितपत कामाची, हा मात्रेचा प्रश्न. रात्रपाळीच्या सुरक्षेचा नियम कुणाला लागू, हा व्याप्तीचा. रात्रपाळीत काम करणाऱ्याला तो पुरता लागू असतो आणि दिवसपाळीवाल्याला अजिबात नाही. अशा नियमाला ‘ऑफ लिमिटेड रेलेव्हन्स’ म्हटलं, तर ज्याने तो पाळायलाच हवा तोही समजतो की नियम फारसा महत्त्वाचा नाही. वाक्यात व्याकरणाची चूक नसते, म्हणून त्याखाली कोणी लाल रेघ ओढत नाही. नुकसान अर्थाचं होतं, आणि ते उशिरा लक्षात येतं.

‘याचा इथे फारसा संबंध नाही’ हे सांगायच्या इंग्रजीत पुष्कळ तऱ्हा आहेत. त्यांची यादी पाठ करण्यापेक्षा लिहिण्याआधी मराठीतच एक प्रश्न सोडवावा: संबंध कमी आहे, की थोड्या जागेपुरता आहे, की पूर्वी होता आणि आता संपला, की एखादी अट पुरी झाली तरच आहे? हे ठरलं की इंग्रजी रचना निवडणं सोपं जातं. बहुतेक गफलती हा प्रश्न न सोडवता, कानावर पडलेला शब्द उचलल्यामुळे होतात.

मात्रेपासून सुरुवात करू, कारण मराठी माणूस सर्वांत जास्त तिथे अडतो. मराठीत नकार क्रियापदापाशी येतो: ‘याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.’ इंग्रजीत तोच नकार नामाच्या आधी येऊन बसतो आणि क्रियापद होकारार्थी राहतं: ‘धिस हॅज लिटल बेअरिंग ऑन दॅट.’ इथला ‘लिटल’ दिसायला होकारार्थी, अर्थाने नकारार्थी. त्याच्या आधी ‘अ’ आला की रोख उलटा होतो. ‘लिटल’ म्हणजे नसल्यात जमा; ‘अ लिटल’ म्हणजे थोडं का होईना, पण आहे. मोजता येणाऱ्या गोष्टींच्या बाबतीत ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांचं तसंच. ‘फ्यू ऑफ द सजेशन्स आर रेलेव्हंट’ म्हणजे बहुतेक सूचना बाजूला ठेवायच्या. ‘अ फ्यू ऑफ द सजेशन्स आर रेलेव्हंट’ म्हणजे काही सूचना कामाच्या आहेत, त्या बघा. मराठीत असं उपपद नाही, म्हणून हा ‘अ’ हातून सहज निसटतो किंवा नको तिथे शिरतो. वाक्य लिहून झाल्यावर फक्त या एका अक्षरासाठी पुन्हा नजर फिरवावी.

दुसरा धोका दुहेरी नकाराचा. मराठीच्या सवयीने क्रियापदातही नकार घातला, ‘इट डझ नॉट हॅव लिटल रेलेव्हन्स’ असं लिहिलं, की अर्थ कोलमडतो. ‘डझ नॉट हॅव मच रेलेव्हन्स’ चालतं, कारण ‘मच’मध्ये नकार नाही. बोलताना किंवा ओळखीच्या माणसाला लिहिताना हीच रचना सहज वाटते, औपचारिक लेखनात ‘हॅज लिटल रेलेव्हन्स’ जास्त आटोपशीर. दोन्ही बरोबर आहेत. मिसळू नयेत, एवढंच.

‘लिटल’ नामाला चालतो, विशेषणाला नाही. ‘इट इज लिटल रेलेव्हंट’ हे वाक्य इंग्रजीत बसत नाही. ‘लिटल नोन’ किंवा ‘लिटल बेटर’ अशा मोजक्या जागा सोडल्या तर साध्या विशेषणापुढे ‘लिटल’ उभा राहत नाही. नाम घ्यायचं असेल तर ‘ऑफ’ची रचना घ्यावी: ‘द सर्व्हे इज ऑफ लिटल रेलेव्हन्स टु धिस प्रॉजेक्ट.’ या साच्यात ‘इज’, मग ‘ऑफ’, मग मात्रा सांगणारा शब्द आणि मग भाववाचक नाम येतं. ‘इम्पॉर्टन्स’, ‘इंटरेस्ट’, ‘व्हॅल्यू’, ‘यूज’, ‘कॉन्सिक्वेन्स’ ही नामंही याच साच्यात बसतात. त्यातला ‘ऑफ’ गाळून ‘द सर्व्हे इज लिटल रेलेव्हन्स’ लिहिणं ही अगदी नेहमीची चूक. ‘ऑफ’ नको असेल तर क्रियापद बदलावं आणि ‘हॅज लिटल रेलेव्हन्स’ म्हणावं. विशेषणच ठेवायचं असेल तर ‘नॉट व्हेरी रेलेव्हंट’, ‘नॉट पर्टिक्युलरली रेलेव्हंट’ किंवा ‘ओन्ली मार्जिनली रेलेव्हंट’. ‘लिमिटेडली रेलेव्हंट’ लिहायचा मोह होतो, पण ते कानाला खुपतं. त्याऐवजी ‘रेलेव्हंट ओन्ली टु अ लिमिटेड एक्स्टेन्ट’ म्हणावं.

‘ऑफ’च्या या साच्यात मात्रेचे शब्द उतरत्या क्रमाने लावले तर ‘ग्रेट’, ‘कन्सिडरेबल’, ‘सम’, ‘लिमिटेड’, ‘लिटल’, ‘नेग्लिजिबल’, ‘नो’ असा काहीसा क्रम लागतो. ‘लिमिटेड’ वाचणाऱ्याला अजून थोडा वाव देतो, ‘लिटल’ जवळजवळ दार लावतो. पुराव्याअभावी दार पुरतं लावता येत नसेल तेव्हा ‘लिटल इफ एनी’ हा वापर उपयोगी पडतो: असलाच संबंध तर किंचित. या क्रमात ‘लेस’ घेतलेला नाही, कारण ‘लेस’ तुलना मागतो. ‘धिस इज ऑफ लेस रेलेव्हन्स’ वाचल्यावर ‘कशापेक्षा?’ हा प्रश्न उरतो. मराठीत ‘कमी’ हा शब्द तुलनेशिवायही वापरता येतो, तीच सवय इंग्रजीत उतरते. आधीच्या वाक्यात तुलनेची दुसरी बाजू आलेली नसेल तर ‘लेस’ काढून ‘लिटल’ किंवा ‘लिमिटेड’ घालावा.

‘हार्डली’, ‘स्केअर्सली’ आणि ‘बेअरली’ या तिघांच्याही पोटात नकार आहे, म्हणून त्यांच्याबरोबर ‘नॉट’ येत नाही. त्यातही फरक आहे. ‘बेअरली रेलेव्हंट’ म्हणजे जेमतेम लागू, रेषेच्या आतल्या बाजूला. ‘हार्डली रेलेव्हंट’ रेषेच्या बाहेर झुकतो आणि त्याला सुरातली धारही आहे. बैठकीत कोणी मुद्दा मांडल्यावर ‘दॅट इज हार्डली रेलेव्हंट’ म्हणणं म्हणजे ‘त्याचा इथे काय संबंध?’ असं फटकारणं. लेखी उत्तरात ही धार वाचणाऱ्याला अधिकच लागते, कारण सोबत चेहरा नसतो. त्याऐवजी ‘धिस मे बी बेटर डिस्कस्ड सेपरेटली’ म्हणावं. मुद्दा बाजूला होतो, माणूस दुखावत नाही.

दिसायला सारख्या दोन वाक्प्रयोगांची गल्लतही नेहमीची. ‘नॉट ऑल दॅट रेलेव्हंट’ म्हणजे फारसं लागू नाही. ‘नॉट अ‍ॅट ऑल रेलेव्हंट’ म्हणजे मुळीच लागू नाही. घाईत एकाच्या जागी दुसरा पडतो आणि सौम्य अभिप्राय ठाम नकार होऊन बसतो. ‘नॉट रिमोटली रेलेव्हंट’चाही अर्थ मुळीच नाही असाच, ‘दूरचा संबंध आहे’ असं सांगायचं असेल तर ‘डिस्टंटली रिलेटेड’ किंवा ‘लूजली कनेक्टेड’ बरं.

आणखी एक घोटाळा मराठी आणि इंग्रजी दोन्हीकडे सारखाच होतो. ‘सगळे मुद्दे लागू नाहीत’ या वाक्याचा अर्थ काय? एकही लागू नाही, की काही लागू आहेत आणि काही नाहीत? बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं. ‘ऑल द पॉइंट्स आर नॉट रेलेव्हंट’ हे इंग्रजी वाक्य कागदावर तसंच लोंबकळत राहतं. काही लागू असतील तर ‘नॉट ऑल द पॉइंट्स आर रेलेव्हंट’, एकही नसेल तर ‘नन ऑफ द पॉइंट्स इज रेलेव्हंट’. ‘नॉट’ची जागा हलवली की वाक्य निःसंदिग्ध होतं. करारात किंवा सूचनापत्रात ही काळजी न घेणं मला अक्षम्य वाटतं.

शब्दयोगी अव्ययांचं प्रकरण थोडक्यात आटपता येतं, कारण तिथे नियम पक्के आहेत. ‘रेलेव्हंट’, ‘इर्रेलेव्हंट’, ‘पर्टिनंट’, ‘अ‍ॅप्लिकेबल’, ‘पेरिफेरल’, ‘टॅन्जेन्शियल’ या सगळ्यांपुढे ‘टु’. मराठीतल्या ‘-शी संबंधित’मुळे ‘रेलेव्हंट विथ’ सुचतं; ते चूक. ‘बेअरिंग’पुढे ‘ऑन’. ‘हॅज लिटल टु डू’पुढे ‘विथ’. ‘इर्रेलेव्हंट ऑफ’ दिसलं तर लिहिणाऱ्याला बहुधा ‘इर्रिस्पेक्टिव्ह ऑफ’ म्हणायचं होतं, आणि तो वेगळाच अर्थ आहे: अमुक असो वा नसो. उच्चारातही ‘ल’ आणि ‘व्ह’ या अक्षरांची अदलाबदल होऊन ‘रेव्हेलंट’ होतं, मग तेच स्पेलिंगमध्ये उतरतं.

व्याप्तीकडे वळलं की ‘ओन्ली’ हा सर्वांत कामाचा शब्द. त्याची जागा शक्यतो ज्या शब्दाला मर्यादा घालायची त्याच्या लगेच आधी. ‘द क्लॉज अप्लाइज ओन्ली टु न्यू मेंबर्स’ यात शंकेला जागा नाही. बोलण्यात ‘ओन्ली अप्लाइज टु’ सर्रास चालतं आणि समजतंही, पण नियम लिहिताना पहिली जागाच धरावी. मर्यादा वाक्याच्या सुरुवातीला आणली तर इंग्रजीत क्रियापदाचा क्रम उलटतो: ‘ओन्ली इन रेअर केसेस डझ धिस अप्लाय.’ इथे ‘ओन्ली इन रेअर केसेस धिस अप्लाइज’ असं सरळ लिहिणं चूक. हा उलटा क्रम जड वाटत असेल तर मर्यादा शेवटी न्यावी: ‘धिस अप्लाइज ओन्ली इन रेअर केसेस.’ साध्या लेखनात मी हाच मार्ग सुचवेन.

अट घालायची असेल तेव्हा ‘इन्सोफार अ‍ॅज’ आणि ‘टु द एक्स्टेन्ट दॅट’ ही दोन भारदस्त साधनं आहेत. ‘द बजेट इज रेलेव्हंट ओन्ली इन्सोफार अ‍ॅज इट अफेक्ट्स द टाइमटेबल’: अंदाजपत्रकाचा विचार वेळापत्रकावर परिणाम होतो तेवढ्यापुरताच. मराठीतल्या ‘-पुरता’ या प्रत्ययाला इतकं जवळचं इंग्रजीत दुसरं काही नाही. ‘अ‍ॅज फार अ‍ॅज’ मात्र वेगळा. नामाच्या आधी आला की तो विषय सांगतो, मर्यादा घालत नाही, आणि तेव्हा त्याला शेवटी ‘इज कन्सर्न्ड’ लागतंच. ‘अ‍ॅज फार अ‍ॅज द बजेट, वी आर रेडी’ हे वाक्य अर्धवट राहतं. ‘अ‍ॅज फार अ‍ॅज आय अ‍ॅम कन्सर्न्ड’ म्हणजे माझ्या मते. ‘अ‍ॅज फार अ‍ॅज आय नो’ म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे. पहिल्यात मत असतं, दुसऱ्यात माहितीची मर्यादा.

विषयच आपल्या कामाच्या कुंपणाबाहेर असेल तेव्हा ‘आउटसाइड द स्कोप ऑफ’ किंवा ‘बियॉन्ड द स्कोप ऑफ’ वापरावा. यात विषयाचं महत्त्व कमी होत नाही, फक्त तो या कागदात घेतलेला नाही एवढंच कळतं. एखाद्याची सूचना मोलाची आहे पण आत्ता घेता येत नाही, अशा वेळी ‘इर्रेलेव्हंट’ लिहिणं अन्यायाचं आणि ‘आउटसाइड द स्कोप’ लिहिणं खरं.

मात्रा आणि व्याप्ती वेगळ्या ठेवायच्या म्हणजे काय, हे अमेरिकेच्या संघीय न्यायालयांच्या 1975 पासून अमलात असलेल्या पुराव्याच्या नियमांत फार स्वच्छ दिसतं. तिथल्या 401व्या नियमानुसार निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाची एखादी बाब पुराव्यामुळे यत्किंचितही जास्त किंवा कमी संभवनीय ठरत असेल, तर तो पुरावा ‘रेलेव्हंट’. म्हणजे उंबरठा अगदी खाली. पुरावा दुबळा असला तरी तो ‘इर्रेलेव्हंट’ होत नाही. त्याचं वजन कमी, एवढंच. आणि 105वा नियम सांगतो की पुरावा एका हेतूसाठी किंवा एका पक्षाविरुद्ध ग्राह्य असेल आणि दुसऱ्यासाठी नसेल, तर मागणी झाल्यावर न्यायालयाने तो त्याच्या योग्य मर्यादेत ठेवावा आणि ज्युरीला तसं बजावावं. ‘क्षीण’ आणि ‘ठरावीक गोष्टीपुरता’ यांना तिथे वेगवेगळी घरं आहेत. कायद्याबाहेर लिहितानाही दुबळ्या आधाराला ‘ऑफ लिटल वेट’ म्हणावं. तो असंबद्ध आहे असं म्हणू नये.

संबंध उरलाच नाही, अशा वेळचे शब्दही एकमेकांच्या जागी फिरत नाहीत. ‘इर्रेलेव्हंट’ म्हणजे संबंधच नाही. ‘बिसाइड द पॉइंट’ म्हणजे म्हणणं खरं असेल, पण चर्चेचा मुद्दा तो नव्हे; इथे ‘बिसाइड्स’ लिहिलं की वाक्प्रयोग मोडतो, कारण ‘बिसाइड्स’ म्हणजे ‘शिवाय’. ‘नायदर हिअर नॉर देअर’ म्हणजे त्याने काही फरक पडत नाही. बोलीत शोभतो, अहवालात नाही. ‘इम्मटीरियल’ म्हणजे निकालावर परिणाम होणार नाही असं. हिशेबतपासणीत एखाद्या चुकीला ‘इम्मटीरियल’ म्हणतात तेव्हा ती सहसा इतकी लहान असते की आकडे वाचून निर्णय घेणाऱ्याचा निर्णय तिच्यामुळे बदलणार नाही. चूक आहे हे मान्य असतंच.

काळाच्या ओघात संबंध संपला असेल तर ‘नो लाँगर रेलेव्हंट’ हे साधं रूप पुरतं. प्रश्न चर्चेला चांगला आहे, पण उत्तराने प्रत्यक्षात काहीच बदलणार नाही, अशा वेळी ‘प्युअरली अ‍ॅकॅडेमिक’. ‘मूट’ मात्र जपून वापरावा. ब्रिटिश वापरात ‘मूट पॉइंट’ म्हणजे वादाचा, अनिर्णित मुद्दा. अमेरिकी वापरात त्याचा अर्थ आता निरर्थक झालेला मुद्दा असा होतो. एकाच पत्राचे दोन वाचक त्यातून विरुद्ध अर्थ काढू शकतात. वाचणारा कुठला हे माहीत नसेल तर हा शब्द टाळावा.

ओढूनताणून जोडलेल्या नात्याला मराठीत ‘बादरायण संबंध’ म्हणतात: तुमच्या दारात बोरीचं झाड, आमच्या गाडीचं चाक बोरीचं, म्हणून आपण नातेवाईक. इंग्रजीत त्या जागी ‘टेन्युअस’ येतो: ‘अ टेन्युअस कनेक्शन’. ‘टॅन्जेन्शियल’ वेगळा. वर्तुळाला स्पर्शरेषा एका बिंदूत खरोखर टेकते, तसा तिथे संबंध खरा असतो, फक्त एका टोकाला आणि ओझरता. ‘टेन्युअस’मध्ये संबंधाच्या खरेपणावरच शंका असते. सहकाऱ्याच्या टिपणाबद्दल लिहिताना हा फरक विसरू नये.

कमी संबंध आहे हे न बोलताही कळतं, आणि म्हणून होकारार्थी शब्दही सांभाळावे लागतात. भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1975 साली छापून आलेल्या निबंधात संभाषणाचे काही संकेत मांडले. बोलणं प्रसंगाला धरून असावं आणि हवी तेवढी माहिती द्यावी, हे त्यांतले दोन. श्रोता ते गृहीत धरतो, म्हणून सांगितलेल्यावरून न सांगितलेलंही काढतो. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी शिफारस करताना फक्त भाषेवरच्या प्रभुत्वाची आणि नियमित हजेरीची स्तुती केली, तर उमेदवार तत्त्वज्ञानात यथातथाच आहे असा अर्थ निघतो, हे त्यांचं उदाहरण. याच न्यायाने ‘हर एक्स्पीरियन्स इज ऑफ सम रेलेव्हन्स’ हे वाक्य कौतुक म्हणून लिहिलं तरी वाचणारा त्यातून ‘फारसा नाही’ हेच घेतो. खरंच संबंध असेल तर ‘डायरेक्टली रेलेव्हंट टु’ म्हणावं आणि कशाशी ते पुढे लिहावं.

आता एक वाक्य दुरुस्त करून बघू. मसुद्यात असं आहे: ‘ऑल द सजेशन्स आर नॉट रेलेव्हंट विथ धिस फेज अँड मे पॉसिब्ली बी ऑफ लेस रेलेव्हन्स.’ आधी ‘ऑल’ आणि ‘नॉट’ची गाठ सोडवू: सुरक्षेबद्दलच्या दोन सूचना लागू आहेत, बाकीच्या नाहीत. ‘विथ’च्या जागी ‘टु’. ‘मे’ आणि ‘पॉसिब्ली’ एकच शंका दोनदा सांगतात. एक पुरे, आणि इथे तीही नको, कारण लिहिणाऱ्याला खात्री आहे. ‘लेस’ला तुलना नाही, म्हणून तोही जातो. शेवटी मूळ प्रश्न: बाकीच्या सूचना क्षीण संबंधाच्या की या टप्प्याबाहेरच्या? टप्प्याबाहेरच्या. मग वाक्य होतं: ‘द टू सजेशन्स ऑन सेफ्टी अप्लाय टु धिस फेज; द रेस्ट आर आउटसाइड इट्स स्कोप.’ ‘रेलेव्हंट’ हा शब्द उरलासुद्धा नाही, आणि ज्यांच्या सूचना राहिल्या त्यांना त्या का राहिल्या हेही कळलं.

कारण जोडताना स्वल्पविरामाकडे बघावं. ‘द रिपोर्ट इज नॉट रेलेव्हंट बिकॉज इट इज ओल्ड’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: जुना असल्यामुळे तो लागू नाही, किंवा तो लागू आहे, पण जुना आहे म्हणून नव्हे. पहिला अर्थ हवा असेल तर ‘बिकॉज’च्या आधी स्वल्पविराम द्यावा, किंवा कारणच पुढे आणावं: ‘बिकॉज इट इज ओल्ड, द रिपोर्ट इज नॉट रेलेव्हंट.’ दुसरा अर्थ हवा असेल तर स्वल्पविरामाच्या भरवशावर न राहता वाक्य तोडून लिहावं: ‘द रिपोर्ट इज रेलेव्हंट, बट नॉट बिकॉज ऑफ इट्स एज.’